काचेच्या पेटीतला पार्दो

मोन्तेस्पिनो गावाच्या खाली, नदीच्या वळणावर, जुन्या लोकांची भिंताडं आहेत. रोमन हा शब्द सरकारी माणसांचा. गावात सगळे भिंताडंच म्हणायचे, आणि ती ज्यांनी बांधली ते जुने लोक. त्या भिंताडांत गावानं पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या बसवल्या, तिथले दगड उचलून गोठे बांधले, चुली बांधल्या, अर्धं चर्च बांधलं. नांगराला काही लागलं, एखादं नाणं, एखादा दिवा, तर ते टेबलाच्या खणात जाऊन पडायचं. मग युद्ध संपलं आणि सरकारला जाग आली. कुंपण पडलं, पाट्या लागल्या, आणि शहरातली शिकलेली माणसं वीस वर्षं तिथं उकिडवी बसून ब्रशनं माती झाडत राहिली. गावात नळाला पाणी यायला एकाहत्तर साल उजाडलं. जुन्या लोकांच्या न्हाणीघरावर पत्रा मात्र त्याच्या आधीच पडला होता.

अठ्ठ्याहत्तरच्या ऑक्टोबरात तिथं संग्रहालय उघडलं. तीन खोल्यांचं, नव्या चुन्याचा वास मारणारं. उद्घाटनाला सगळा गाव लोटला, कारण वाईन आणि भाजलेलं डुकराचं मांस फुकट होतं. एर्मेलिन्दाला जायचं नव्हतं. तिला गाव लिंदा म्हणायचा. वय चव्वेचाळीस, लग्न झालेलं नाही, चार मेंढ्या, त्यांच्या दुधाचं चीज करून बाजारात विकायची, आणि घरी अंथरुणाला खिळलेली आई. पण शेजारचा कोस्तान्सो तिथं पहारेकरी म्हणून लागला होता. सरकारी टोपी मिळाल्यापासून त्याचे पाय जमिनीवर नव्हते.

"अगं ये की! माझी टोपी तरी बघशील," तो म्हणाला.

"तुझी टोपी गेला आठवडाभर बघतेय. झोपतोस तरी काढून का?"

तरी ती गेली. पहिल्या खोलीत दगडावरची अक्षरं होती, ती कुणीच वाचली नाहीत. दुसऱ्या खोलीत मधोमध काचेची लांब पेटी होती. आत मातीवर एक लहान सांगाडा, आणि त्याच्या डोक्याकडे दोन्ही बाजूंनी एकमेकींवर टेकवलेली मोठाली सपाट कौलं, छोट्या घराच्या छपरासारखी. खाली पाटी होती: रोमन बालक, वय सुमारे सात वर्षे, इसवी सनाचे दुसरे शतक.

लिंदानं आधी हात पाहिला. डावा, कोपराच्या खाली वाकडा जुळलेला. मग तिनं वाकून तोंडाकडे पाहिलं. वरचा एक दात मोठा आलेला आणि त्याच्या शेजारचा अर्धाच बाहेर. त्या फटीतून जीभ काढून दाखवायची त्याला भारी खोड होती. तिनं पेटीची कड धरली.

"हात लावायचा नाही हं," कोस्तान्सो जवळ येऊन म्हणाला. "डाग पडतात काचेला."

"कोस्तान्सो, हा पार्दो आहे."

"कोण पार्दो?"

"आमचा पार्दो. माझा भाऊ."

कोस्तान्सोनं तिच्या हातातल्या ग्लासकडे पाहिलं. "कितवा गं हा?" असं काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, आणि तिचा चेहरा पाहून मिटलं.

त्रेचाळीसच्या नोव्हेंबरात लढाई नदीपर्यंत आली होती. जर्मन माघार घेताना कबरस्तानात आणि त्याच्या वाटेवर सुरुंग पेरून गेले होते. मेलेल्यांनासुद्धा जागा ठेवली नाही मेल्यांनी. त्याच आठवड्यात विषमज्वरानं पार्दो गेला, सात वर्षांचा. आई, उर्सोला, त्याच तापात पडली होती. तरी ती उठली. पोराला धुतलं, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीसाठी शिवलेले नवे बूट खोक्यातून काढून त्याच्या पायात घातले, नाड्या स्वतःच्या हातानं बांधल्या आणि गाठ मारताच तिथंच कोसळली. मयताच्या पायात चांगले बूट लागतात, हे मोन्तेस्पिनोत शेंबड्या पोरालाही ठाऊक. पलीकडे पोचायला लांब चालायचं असतं, काट्याकुट्यांतून आणि धारदार दगडांवरून. अनवाणी गेलेला तिथं पोचतच नाही, वाटेतच बसून राहतो.

बाप, निकान्द्रो, आणि नऊ वर्षांची लिंदा, दोघांनी पहाटे त्याला चादरीत गुंडाळून खाली नेला. भिंताडांतली माती मऊ होती म्हणून. बापानं खड्डा खणला, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून जुन्या लोकांची कौलं गोळा करून त्याच्यावर छप्पर उभं केलं. नांगरताना तसल्या जुन्या कबरी त्यानं किती पाहिल्या होत्या. त्याला कबर म्हणजे तशीच ठाऊक. माती लोटून झाली आणि बर्फ पडू लागला.

दहा दिवसांनी लाकडं आणायला गेलेला बाप सुरुंगावर पाय पडून गेला. आई मात्र तापातून उठली. वसंतात बर्फ वितळलं तेव्हा त्या रानात लष्कराचे ट्रक उभे होते, जमिनीचा चिखल झाला होता, आणि जागा ठाऊक असलेली एकच व्यक्ती उरली होती. ती नऊ वर्षांची.

"एका भिंतीजवळ," लिंदा म्हणाली होती.

"कुठल्या भिंतीजवळ? तिथं भिंतींशिवाय आहे काय?"

आईनं तीन वर्षं फावडं घेऊन ते रान उकरलं. मग कुंपण पडलं. तेव्हापासून पस्तीस वर्षं, लिंदानं मीठ जास्त टाकलं, भाकर करपवली, दाराला कडी लावायला विसरली, की एकच बोलणं: "तुला लक्षात तरी काय राहतं? भावाला पुरलं कुठं तेही राहिलं नाही." दोनदा तिला मागणी आली, दोन्हीदा आई म्हणाली, "जा खुशाल, फक्त आधी तो कुठंय ते सांगून जा." लिंदा गेली नाही. आता आईचे पाय सुजून खांबासारखे झाले होते, डॉक्टर म्हणाले होते फार तर नाताळपर्यंत, आणि तिचं एकच मागणं होतं: पोराच्या शेजारी झोपायचंय.

दुसऱ्या दिवशी लिंदा उत्खननवाल्या बाईंकडे गेली. आद्रियानाबाई पस्तिशीच्या, सिगारेट ओढणाऱ्या, स्वभावानं चांगल्या. ती कबर त्यांनीच चार वर्षांपूर्वी उकरली होती, त्यावर लेख लिहिला होता, आणि त्या लेखावर त्यांची नोकरी पक्की झाली होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"लिंदाबाई, मला तुमचं दुःख कळतं. पण कौलांची तशी कबर रोमनच असते. आणि त्याच्या मुठीत नाणं सापडलं. सम्राट हेड्रियनचं. मेलेल्याला प्रवासाला नाणं द्यायची त्यांची पद्धत."

"त्यांची कशाला? आमचीपण आहे," लिंदा म्हणाली. "मयताच्या हातात आम्ही नाणं देतोच की. आजीच्या दिलं, काकाच्या दिलं."

"पण रोमन नाणं?"

"घरात दुसरं होतं कुठं! नोटा होत्या, त्यांना तर कुणी विचारत नव्हतं. मयताला कागद कसा देणार? बापानं खणातलं काढलं. नांगराला लागलेलं, हिरवं पडलेलं." ती थांबली. "त्याच्या कडेवर तीन खाचा आहेत. सोनंबिनं आहे का बघायला बापानं सुरीनं पाडल्या होत्या. एकीकडेच, शेजारी शेजारी."

आद्रियानाबाईंची सिगारेट तशीच राहिली. नाणं गावात कुणाला कधी दाखवलंच नव्हतं. ते शहरातल्या तिजोरीत होतं. त्याचा फोटोही छापला नव्हता, कारण कुणीतरी कड खराब केली आहे म्हणून त्यांनीच तो नाकारला होता. तीन खाचा. शेजारी शेजारी.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "पण मग बटण कसं नाही? खिळा नाही, नाडीची कडी नाही. त्रेचाळीस सालच्या मुलाच्या अंगावर यातलं काही नाही, असं कसं? ते असतं तर मी पहिल्याच दिवशी ओळखलं असतं."

लिंदानं पदरासारखा पुढं आलेला डोक्याचा रुमाल हातात घट्ट धरला. ही गोष्ट तिनं कन्फेशनमध्ये पाद्र्यालाही सांगितली नव्हती.

"सदरा फाटका होता म्हणून चादरीतच गुंडाळला होता. आणि बूट बापानं काढून घेतले. खड्ड्याशी. नाड्या सुटेनात, आईनं घट्ट बांधल्या होत्या. त्यानं सुरीनं कापल्या."

"का?"

"गिरणीवाल्याच्या बायकोला पोरासाठी बूट हवे होते. तिनं त्या बुटांच्या बदल्यात दोन पोती पीठ दिलं. घरात चार दिवस काही नव्हतं, आई तापात. ते पीठ कालवून आम्ही तिला पाजलं. पंधरा दिवस पाजलं, बाप गेल्यावर मी एकटीनं. त्यावर ती जगली." लिंदा खिडकीबाहेर बघत होती. "बूट काढले म्हणून बापाला राहवेना. म्हणाला, अनवाणी चाललाय, निदान वाटेला हातात चांगलं नाणं तरी असू दे. आणि माझ्याकडून शपथ घेतली. आईला सांगायचं नाही. जीव गेला तरी नाही."

आद्रियानाबाई रडल्या. लिंदा रडली नाही. तिला हलकं वाटत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

बाईंनी शहरातल्या कचेरीला पत्र लिहिलं. त्यात बुटांचा उल्लेख करू नका, असं लिंदानं बजावून सांगितलं. पत्रं गावात पोस्टमनच्या आधी सगळ्यांना कळतात. बाईंनी ऐकलं. कचेरीनं कधी नव्हे ती घाई केली. स्वतःच्या पाटीवर चूक निघाली की सरकारलाही पाय फुटतात. उत्तर आलं: साहेब जातीनं येतील, आणि जन्मदाती हयात आहे तेव्हा ओळख तिनंच पटवायची. बहिणीचा जबाब दुय्यम.

लिंदानं आईला सांगितलं तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती वळली. उठून बसली. मार्चनंतर पहिल्यांदा.

"कुठं होता?"

"उत्तरेच्या भिंतीशी. त्यांनी बाहेर काढलाय. नीट ठेवलाय, आई. काचेत."

"तुझ्यानं एवढं तरी झालं म्हणायचं," आई म्हणाली. पस्तीस वर्षांत कानावर पडलेली ही पहिलीच शाबासकी. लिंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हातारीनं त्या रात्री सूप पूर्ण प्यायलं, आणि सकाळी ट्रंकेतला ठेवणीतला काळा झगा काढायला लावला.

साहेब आले त्या गुरुवारी थंडी कडाक्याची होती. कोस्तान्सोनं आपला तीनचाकी टेम्पो आणला, मागं गादी टाकली, आणि दोघांनी उर्सोलाला खुर्चीसकट उचलून वर ठेवलं. लिंदा तिच्याजवळ बसली. टेम्पो उतारावर हिंदकळत होता आणि म्हातारी बोलत होती. इतकी ती वर्षभरात बोलली नव्हती.

"बूट कुजले असतील," ती म्हणाली. "चामडं कुजतंच. पण खिळे राहतात. बूट शिवणाऱ्या बास्सोमामानं एकेका तळव्याला अठरा खिळे मारले होते, आठवतं? मी मोजले होते. म्हटलं, एवढे कशाला रे, पोर वाढेल आणि बूट वाया जातील. तर म्हणाला, धाकट्याला होतील." ती किंचित हसली. "धाकटा कुठला व्हायला. पण खिळे असतील बघ. त्यावरनं मी ओळखीन."

आताच सांगावं, असं लिंदाच्या मनात आलं. आई, ऐक, खिळे नसतील. एवढंच वाक्य होतं. त्याच्या मागोमाग दुसरं यायला लागलं असतं, मग तिसरं, आणि तिसऱ्यात पीठ होतं. टेम्पो कुंपणाच्या फाटकाशी थांबला तरी ती तशीच बसून राहिली.

"हात दाखवीन तिला," ती मनाशी म्हणाली. "हात आणि दात. तेवढं पुरे होईल."

साहेब करड्या कोटातले, सर्दीनं बेजार झालेले. टेबलावर छापील कागद, शाईचा शिक्का, दोन साक्षीदारांच्या सह्यांना जागा. साक्षीदार आद्रियानाबाई आणि कोस्तान्सो. खुर्ची पेटीशी नेली. म्हातारीनं काचेला नाक लावलं.

"दिवा लावा हो. दिसत नाही."

दिवा लावला.

"हात बघ, आई," लिंदा हळूच म्हणाली. "डावा. खेचरावरनं पडला होता ना."

उर्सोलानं हात पाहिला. तिचे ओठ हलले. मग तिनं तोंडाकडे पाहिलं, त्या अर्ध्या दाताकडे, आणि तिचा सुजका तळवा काचेवर पडला. कोस्तान्सो डाग पडतील म्हणाला नाही. लिंदाला वाटलं, झालं. सगळं झालं. आता हा घरी येणार.

मग म्हातारीची नजर खाली उतरली. कमरेवरून, गुडघ्यांवरून, पायांच्या त्या बारीक बारीक हाडांवर. तिथं ती थांबली.

"खिळे कुठायत?"

"कसले खिळे, आजी?" साहेबांनी विचारलं.

"बुटांचे. छत्तीस."

साहेबांनी आद्रियानाबाईंकडे पाहिलं. "खिळे सापडले होते?"

"नाही," आद्रियानाबाई म्हणाल्या. त्यांनी लिंदाकडे पाहिलं. विनवणीच होती त्या नजरेत. सांग. तू सांग, नाहीतर मला सांगू दे. लिंदानं नकारार्थी मान हलवली. अगदी थोडी.

"नीट चाळली होती माती? कुणी उचलले तर नाहीत?" म्हातारीनं विचारलं.

"मीच चाळली होती, आजी. काही नव्हतं."

उर्सोलानं हात काचेवरून काढला. कपड्याला पुसला.

"माझा नाही," ती म्हणाली.

"आई, हात बघ ना—"

"हात काय, शंभर पोरांचे मोडतात. माझ्या पोराच्या पायात बूट होते. मी घातले होते. मी बांधले होते. निजल्या निजल्या अजून माझ्या बोटांना ती गाठ लागते." तिचा आवाज चढला. "अनवाणी पोर आहे हे! कसली असेल याची आई? एवढुसं लेकरू आणि पायात काही घालून देऊ नये? विकून खाल्ले असतील बयेनं. असल्या बायका असतात."

लिंदाला सगळं ऐकू येत होतं. शपथेची भीती नव्हती तिला. बाप मरून पस्तीस वर्षं झाली होती. पण त्या पिठाची चव तिला आठवत होती, कारण भांड्याला लागलेलं तिनं चाटलं होतं. आईच्या ओठांना ती लाकडी चमचा लावत होती आणि आई तापात बडबडत होती, आणखी दे, आणखी. महिन्याभरात मरणार असलेल्या बाईला हे कसं सांगायचं? आणि नाही सांगितलं तर तो इथंच राहतो, तेही तिला दिसत होतं. मग तिनं मनाशी हिशेब घातला, गरीब माणसं घालतात तसा, थोडं आज सोडून बाकीचं उद्यावर. आई सुखानं मरू दे. तिनं डोळे मिटले की मी सगळं सांगीन. बूट, पीठ, सगळं. मग ह्याला वर नेईन आणि तिच्याशेजारी ठेवीन. तिला तरी काय कळणार आहे, आधी आला की मागून.

तिनं आईची खुर्ची पेटीपासून मागं ओढली.

साहेबांनी लिहून घेतलं: मातेने अवशेष प्रत्यक्ष पाहिले, पूर्ण शुद्धीत ओळख नाकारली. म्हातारीनं सहीच्या जागी फुली मारली. कोस्तान्सोनं सही केली. आद्रियानाबाईंनी पेन हातात धरून पुन्हा एकदा लिंदाकडे पाहिलं आणि मग त्यांनीही सही केली. साहेब मोकळे झाल्यासारखे शिंकले.

घरी अंथरुणावर ठेवल्यावर आई म्हणाली, "परक्याच्या पोरावर रडवणार होतीस मला." आणि भिंतीकडे वळली. सूप तसंच परत जाऊ लागलं. सोळाव्या दिवशी ती गेली. लिंदानं तिला धुतलं, काळा झगा चढवला, सुजलेल्या पायांत बूट जाईनात म्हणून ते मागून कापले आणि घातले. वरच्या कबरस्तानात, तिसऱ्या ओळीत भिंतीला लागून जागा मिळाली. पाथरवटाला तिनं दगडावर दुसऱ्या नावापुरती जागा सोडायला सांगितली.

नऊ दिवसांची प्रार्थना झाली आणि दहाव्या दिवशी ती बस पकडून शहरात गेली. साहेबांनी तिला बसवलं, कॉफीसुद्धा मागवली. तिनं सगळं सांगितलं. गिरणीवाल्याच्या बायकोचं नाव सांगितलं, ती कधीच मेली होती. तिच्या पोराचं नाव सांगितलं, तो परदेशी निघून गेला होता. साहेबांनी ऐकून घेतलं आणि फाइल उघडून तिच्यापुढं सरकवली.

"ही तुमच्या आईची फुली ना?"

"हो."

"मरणाच्या दारातली बाई. स्वतःच्या पोराला ओळखायला गेलेली. ती नाही म्हणते. आणि ती गेल्यावर तुम्ही येऊन म्हणता, ती चुकली. तुम्हीसुद्धा तेव्हा त्याच खोलीत होतात. तेव्हा का नाही बोललात?"

लिंदाकडे उत्तर होतं, पण ते साहेबांच्या कागदात कुठल्या रकान्यात बसणार होतं?

"नाण्याच्या खाचा—"

"त्या तुम्हाला बाईंकडून कळल्या असतील, असं कुणीही म्हणेल. मी म्हणत नाही."

आद्रियानाबाईंची दक्षिणेला दुसऱ्या उत्खननावर बदली झाली होती. लिंदानं त्यांना पत्र लिहिलं, कोस्तान्सोच्या पोरीकडून लिहवून घेतलं. उत्तर आलं, लांबलचक, प्रेमळ. मी अजून तुमच्यावर विश्वास ठेवते, असं त्यात होतं. पण त्या जबाबावर माझी साक्षीदार म्हणून सही आहे, आता मी उलटं लिहिलं तर माझंही कुणी ऐकणार नाही, असंही होतं. लिंदाला राग आला नाही. गप्प राहायला बाईंना तिनंच शिकवलं होतं.

त्यानंतर ती दर रविवारी भिंताडांत जाऊ लागली. कोस्तान्सो तिकीट मागत नसे. त्याला आता सगळं माहीत होतं, गावालाही माहीत होतं. अर्धा गाव हळहळत होता, आणि उरलेला अर्धा म्हणत होता की पोर तिथं आहे तोवर बसगाड्या भरून लोक येतात, वर कबरस्तानात कोण येणार आहे बघायला? काही जण दोन्ही म्हणायचे. ती पेटीजवळ उभी राहायची, फार वेळ नाही, आणि मग मेंढ्यांना बघायला परत जायची.

एप्रिलात एक शाळा आली. चाळीस पोरं, लाल टोप्या, सगळीकडे हात लावणारी. कोस्तान्सो त्यांना पाठ केलेलं सांगत होता, सम्राट, कौलं, नाणं. एक मुलगी काचेला नाक लावून बराच वेळ बघत होती.

"याची आई कुठंय?" तिनं विचारलं.

"आई जवळपास सापडली नाही," कोस्तान्सो म्हणाला. कागदावर तसंच होतं.

"वर आहे," मागून लिंदा म्हणाली. "वरच्या कबरस्तानात. तिसऱ्या ओळीत, भिंतीला लागून."

पोरं वळून बघायला लागली. त्यांच्या बाईंनी त्या मुलीचा हात धरून तिला जवळ ओढली. कोस्तान्सोनं टोपी काढली, ती नुसतीच हातात फिरवली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली.

"चला पोरांनो," तो म्हणाला, "पुढच्या खोलीत भांडी आहेत."